रुमालाखालचा हात

बेसिनमधलं पाणी आधी पिवळं होतं. साबण लागला तसं ते कडेने तांबूस झालं आणि मग मधोमध गडद लाल. जाळीपाशी क्षणभर थांबून ते गोल फिरायचं आणि खाली जायचं. मी नळ बारीक केला.

"लई रगात चाललंय," दत्तोबा म्हणाले.

"सगळं रक्त नाही. हळदीला साबण लागला की ती लाल होते."

"खरं?"

"खरं. कुंकू असंच करतात की. चुना घालून."

"मग ठीक." त्यांनी बेसिनकडे पुन्हा पाहिलं. "मला वाटलं, ह्या वयात एवढं आलं कुठनं."

त्यांचा उजवा हात माझ्या तळहातावर होता. करंगळी आणि अंगठा जागच्या जागी होते. मधली तीन बोटं तीन वेगवेगळ्या दिशांना गेली होती. अनामिकेच्या बुडाशी कातडी फाटली होती आणि आत काहीतरी पांढरं दिसत होतं. ते काय आहे ते मला कळत होतं, म्हणून मी तिथे साबण लावला नाही.

बाहेर सौदे हॉलमध्ये अजून काचा फुटत होत्या.

"दत्तोबा, ओरडला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अडाण्यासारखं विचारलं असावं.

"रुमालाखाली वरडत न्हाईत, बाई," ते म्हणाले.

याला बरीच वर्षं झाली. कवठेपूरच्या बाजार समितीत तेव्हा हळदीचे सौदे चालत, ते पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने. हॉलमध्ये हळकुंडांचे ढीग लावलेले. प्रत्येक ढिगापाशी अडत्याचा सौदेवाला उभा. खांद्यावरचं उपरणं, ज्याला सौद्यात रुमाल म्हणत, तो आपल्या उजव्या हातावर टाकायचा आणि व्यापारी एकेक करून त्या कापडाखाली हात घालायचे. कुणी दोन बोटं दाबायचा, कुणी पूर्ण पंजा, कुणी मनगटाला स्पर्श करायचा. प्रत्येक दाबण्याला आकडा ठरलेला. सौदेवाला सगळ्यांचे दर ध्यानात ठेवायचा, शेवटी सर्वांत वरचा दर आणि त्या व्यापाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारायचा. एकदा पुकारलं की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. यात एकच नियम मोडता येत नसे. रुमालाखाली हात असेपर्यंत दोघांच्याही चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. भुवई हलली तरी बाजूचा व्यापारी दर ओळखायचा.

दत्तोबा लोहार या कामात मुरलेले होते. त्यांचा चेहरा कामाच्या वेळी बंद दुकानासारखा असायचा.

ढिगाचा मालक मात्र चार हात लांब उभा राहून आपल्या मालाचं काय होतंय याचा अंदाज घेत राहायचा. कापडाखाली कुणी किती दाबलं हे त्याला कधीच कळत नसे. म्हणून वरून आदेश आला, सौदे उघड्यावर करा, कॉम्प्युटरवर करा. ते काम आमच्याकडे आलं.

आम्ही म्हणजे नलवडे सर आणि मी. सर धंदा आणायचे, मी काम करायची. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, पुढे कॉम्प्युटरकडे वळले. आमची योजना साधी होती. प्रत्येक व्यापाऱ्याच्या हातात आकड्यांचं एक छोटं यंत्र. त्याने दर दाबला की तो हॉलशेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर जाणार, आणि सर्वांत वरचा दर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसणार.

प्रश्न एकच उरला होता. सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती बसवायची? ज्या पायावर बाकीचं सगळं उभं राहणार तो पाया कोणता? समितीकडे विकतच्या सिस्टीमला पैसे नव्हते, आणि मलाही ती नको होती. माझ्यासमोर दोन पर्याय होते, दोन्ही मोफत, दोन्हींची आतली रचना कुणालाही उघडून पाहता येईल अशी. एक नवीन होती. दर काही महिन्यांनी तिची नवी आवृत्ती यायची, दिसायला सुंदर, सगळं ताजं. दुसरी होती डेबियन. तिच्यात एखादी गोष्ट वर्ष-दोन वर्षं घासून तपासल्याशिवाय आत घेत नसत, आणि एकदा घेतली की सुरक्षेच्या दुरुस्त्यांपलीकडे तिला कुणी हात लावत नसे.

समितीच्या बैठकीत नलवडे सर बोलायचे आणि मी टेबलाच्या टोकाला फाइल घेऊन बसायची. सरांना नवीन हवी होती.

"शैलजाचं म्हणणं डेबियन घ्यावं," ते सांगायचे, "पण ते जरा जुनं आहे."

"जुनं?" सचिव दचकायचे. "आपण नवीन योजनेत जुनं बसवायचं?"

आणि मग सभापती शिवगोंडा अण्णा पाटील चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. त्यांचा प्रश्न दर बैठकीत तोच असायचा.

"नवं ऱ्हाऊ दे, जुनं ऱ्हाऊ दे. ही दोन्ही फुकटची. फुकट म्हंजे मालक न्हाई. मालक न्हाई तर उद्या बंद पडलं की धरायचं कुणाला?"

"त्याचं असं आहे अण्णा, जगभरातले हजारो लोक मिळून..." सर सुरू करायचे.

"हजारांना कसं धरू? एक नाव सांगा."

शेवटी चहा यायचा आणि ठरायचं, पुढच्या बैठकीत बघू. तोवर चाचणीपुरती नवीन आवृत्ती चालू दे. असं करता करता हंगाम निम्मा सरला. खऱ्या सौद्यांवर चाचणी चालूच होती आणि निर्णय व्हायचाच होता.

दत्तोबांना मी एकदा जेवणाच्या सुट्टीत फरक समजावून सांगितला होता. त्यांनी विचारलं होतं म्हणून.

"मंजे पेवातली हळद म्हणा की," ते म्हणाले. आमच्या भागात हळद जमिनीखालच्या खोल खड्ड्यात साठवतात, त्याला पेव म्हणतात. "वर ऊन पडू दे न्हाईतर नदीला पूर यीऊ दे. आतला माल हाय तसा."

"तसंच."

"मग आण्णाला हे सांग की."

"मला बैठकीत कुणी विचारत नाही."

"आन मला कोन इच्यारतंय? तुझं मशिन कायमचं चालू झालं की माझं उपरणं घाम पुसायला." ते हसले होते. त्यात राग नव्हता. "पर चालू झालं तर बरंच. रुमालाखाली काय काय चालतं, ते मलाच ठावं."

त्या दिवशी सकाळी हॉल भरला होता. कर्नाटकातूनही गाड्या आल्या होत्या. हवेत हळदीची इतकी धूळ होती की पापण्यांवर बसत होती. हळकुंड वाळलंय का हे पाहायला व्यापारी ते दोन हातांत धरून मोडतात. चांगलं वाळलेलं हळकुंड कट्‌ असा कोरडा आवाज करतं. हॉलमध्ये दिवसभर चारी बाजूंनी तो आवाज येत असे. दोन महिन्यांत मला तो ऐकू येईनासाच झाला होता.

मोठा ढीग सौद्याला निघाला. माल एका गावच्या पंधरा-वीस जणांनी मिळून आणलेला, राजापुरी जातीचा, उत्तम. पडद्यावर दर चढू लागला. सात हजार. सात हजार शंभर. दोनशे. आणि तो तिथेच थांबला.

व्यापारी यंत्रं दाबत होते. मला त्यांचे अंगठे दिसत होते. पडद्यावर मात्र सात हजार दोनशेच. आणि त्याच्या पुढे नाव, खर्डेकर.

मी खोलीत पळाले. सर्व्हरच्या समोर नलवडे सर उभे होते.

"अडकलाय," ते म्हणाले. "बटणाला दाद देत नाहीये."

"काल संध्याकाळी नीट होता. कुणी हात लावला?"

सर पुन्हा बटण दाबायला लागले.

"सर, कुणी काही बदललं?"

"अगं, अण्णांचा फोटो पडद्यावर आडवा दिसत होता. सचिव मागे लागले होते. नव्या आवृत्तीत तो प्रश्न सुटलाय असं वाचलं, म्हणून सकाळी तेवढं अपडेट..."

"तुम्ही चालू हंगामात अख्खी आवृत्ती बदललीत? फोटोसाठी?"

"तेवढंच बदलायचं होतं. बाकीचं आपोआप आलं."

मी की-बोर्डकडे वळले. मशीन परत उठवायचं तर वेळ लागणार होता. आत आलेले दर डिस्कवर लिहिले गेले असतील, निदान असावेत, हे मला माहीत होतं. ते बाहेर काढायला अर्धा तास तरी हवा होता. मी हे सांगायला हॉलमध्ये परत आले.

हॉलमध्ये उदयसिंह खर्डेकर बोलत होता. तो या पेठेतला सर्वांत मोठा खरेदीदार, समितीवर संचालकही. माणूस आवाज कधी चढवत नसे. त्याच्याबरोबर नेहमी चार-पाच जण असायचे, ते चढवायचे.

"पडद्यावर जे दिसतंय तो सौदा," तो म्हणत होता. "सात हजार दोनशे. माझं नाव. मी म्हणत नाही, मशीन म्हणतंय."

"मशिन मेलंय तुमचं!" ढिगाच्या मालकांपैकी एकजण ओरडला. "त्यो मणेर आठ हजार दाबत हुता. मी बघितलं."

मणेर नावाचा व्यापारी खाली बघत होता. त्याने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

"अर्धा तास द्या," मी म्हणाले. "सगळे दर आत आहेत. मी काढून देते."

माझा आवाज लहान आहे. पुढच्या दोघा-चौघांनी मागे वळून पाहिलं तेवढंच.

"अर्ध्या तासात आत काय घालतील कुणाला ठाऊक," खर्डेकर हसून म्हणाला. "त्यापेक्षा आपली जुनी रीत काय वाईट? दत्तोबा, टाका उपरणं. पुन्हा सौदा. सगळ्यांना मान्य?"

रुमालावर कुणाचा अविश्वास नव्हता. निदान दत्तोबांवर नव्हता. लोक शांत झाले. दत्तोबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि हातावर टाकलं.

एकेक व्यापारी आला. मणेर आला, हात घातला, काढला, गेला. सगळ्यांत शेवटी खर्डेकर.

त्याचा हात कापडाखाली गेला आणि तो दत्तोबांच्या अगदी जवळ सरकला, जणू कानात काही सांगायचं आहे. ओठ फारसे हलले नाहीत. मी त्यांच्यापासून दोन ढीग लांब होते. मी दत्तोबांचा चेहरा पाहिला, तो बंद होता. मग मला एक आवाज ऐकू आला. कट्‌.

दिवसभर ऐकलेला आवाज. पण त्या वेळी सगळा हॉल थांबलेला होता. मी पाहिलं, कुणाच्याही हातात हळकुंड नव्हतं.

मी दत्तोबांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. काही नाही. डोळे समोर. मग माझी नजर खाली गेली. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेतून बाहेर आला होता आणि फरशीवर दाबला गेला होता. इतका की नख पांढरं झालं होतं.

कट्‌.

खर्डेकर हसरा चेहरा ठेवून वाट पाहत होता. एखाद्याने दर वाढवावा की नाही हा विचार करावा, तसा. मी कुणाला सांगणार, आणि काय? तिसरा आवाज आधीच्यापेक्षा लहान होता. उपरण्याच्या कडेला एक ठिपका उमटला, आणि पसरला.

खर्डेकरने हात काढून घेतला. दोन पावलं मागे सरून तो उभा राहिला. दत्तोबांनी श्वास घेतला. त्यांना दर पुकारायचा होता.

"आठ हजार शंभर," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "मणेर ट्रेडर्स."

नंतर त्यांनी उपरणं काढलं. मुद्दाम काढलं असं मला अजून वाटतं. त्यांनी हात छातीसमोर तसाच धरला. पुढच्या रांगेतल्या लोकांना आधी काही कळेना, कारण ती बोटं बोटांसारखी दिसत नव्हती.

"आरं, हात मोडला म्हाताऱ्याचा!"

मग जे झालं ते एकदम झालं. ढिगाच्या मालकांनी खर्डेकरवर उडी घेतली. त्याच्या माणसांनी हमालांच्या हातातले पोती उचलायचे हूक हिसकावले. एक हूक एका तरुण माणसाच्या गालात शिरून दातावर आपटल्याचं मी पाहिलं. तो ओरडलाही नाही, हूक दोन्ही हातांनी धरून खाली बसला. काट्यावरची लोखंडी वजनं फेकली जाऊ लागली. पोती फाटली आणि पिवळ्या धुळीत कोण कुणाला मारतंय ते दिसेनासं झालं. खर्डेकर त्याच्या माणसांच्या मधून बाहेर निसटताना मला दिसला. कुणीतरी भिंतीवरचा पडदा ओढून पाडला आणि त्यावर नाचायला लागलं. दुसरा ओरडला, "मशिन! ते आतलं मशिन फोडा!"

मी खोलीच्या दाराशी पोचले, तेव्हा सर तिथे नव्हते. मागच्या खिडकीचं दार उघडं होतं.

दहा-बारा माणसं आली. मी दारात हात पसरून उभी राहिले. हा शहाणपणा नव्हता. त्यांतल्या एकाने माझा गळा धरला आणि मला चौकटीवर दाबलं. त्याचं तोंड हळदीने माखलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गालांवर त्याचे दोन स्वच्छ पट्टे झाले होते. तो गुंड नव्हता. ढिगापाशी सकाळपासून उभा होता, मला त्याचा सदरा आठवत होता.

"कुणी बसवलं हे?" तो म्हणाला. "सांग. कुणी ठरवलं हे मशिन बसवायचं?"

मला श्वास घेता येत नव्हता.

"हे चाललं असतं तर म्हाताऱ्यानं रुमाल टाकला नसता! नाव घे! एक नाव घे!"

त्याचा अंगठा माझ्या गळ्याच्या मधोमध रुतला. माणसाला अशा वेळी काय सुचतं याचं मला पुढे आश्चर्य वाटलं. मी खरोखर नाव शोधत होते. सभापती? त्यांनी चाचणी म्हटलं होतं. सचिव? त्यांना फोटो हवा होता. सर? ते म्हणायचे, समिती ठरवेल. मी? मी फाइलमध्ये डेबियन लिहिलं होतं आणि फाइल मिटून ठेवली होती. शोधून शोधून नाव सापडत नव्हतं. कारण ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं आणि मला तेवढंच कळत होतं, नाव नाही.

"सोड तिला."

दत्तोबा होते. डाव्या हाताने उजवं मनगट धरून, तो हात निरांजनासारखा सांभाळत ते गर्दीतून आले होते.

"सोड म्हनतो न्हवं? मोडणारा आत न्हाई. भाईर पळाला. जा, त्याला धर."

त्या माणसाची बोटं सुटली. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि एकदम तोंड झाकून रडायला लागला. बाकीच्यांनी आम्हा दोघांना बाजूला सारलं. वीस किलोचं वजन सर्व्हरवर पहिल्यांदा आदळलं, तेव्हा पंखा अजून फिरत होता. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा थांबला.

मी दत्तोबांना मागच्या बेसिनपाशी घेऊन गेले.

"त्यानं कानात काय सांगितलं?" हात धुताना मी विचारलं. माझा आवाज घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

"त्याचंच नाव पुकार म्हणाला. सात हजार दोनशे. एक बोट गेलं की इच्यारायचा, आता?" त्यांनी हात धारेखाली नीट धरला. "दोनदा इच्यारलं. तिसऱ्यांदा न्हाई इच्यारलं. वळाखलं त्यानं."

"तुम्ही पुकारलं असतं, तर हात वाचला असता."

"हात वाचला असता. रुमाल गेला असता." ते बेसिनमधल्या लाल पाण्याकडे पाहत होते. "आता रुमाल बी गेलाच म्हणा. ह्या हातानं कसला सौदा! पर माझ्या बापाचा रुमाल हुता बाई, त्यात कधी खोटं पुकारलेलं न्हाई."

मी माझी ओढणी फाडून त्यांचा हात एका फळीला बांधला. जीप आली. मिरजेला नेण्यासाठी त्यांना चढवलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

"आता म्हनतील, मशिन नगं. रुमालच बरा," ते म्हणाले. "बघ, आजच म्हनतील."

फौजदार आले, तेव्हा दुपार कलली होती. खर्डेकरही आला, अंघोळ करून, पांढरे कपडे घालून. त्याने जबाब दिला की गर्दीत म्हाताऱ्याचा हात चेंगरला. फौजदारांनी मला विचारलं.

"हात कापडाखाली होता. मग तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं नाही. ऐकलं."

"काय ऐकलं?"

"हळकुंड मोडल्याचा आवाज. तीन वेळा. तेव्हा हॉलमध्ये कुणाच्याही हातात हळकुंड नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं.

त्यानंतर लगेच अण्णांनी समितीची बैठक बोलावली. सोमवारी पुन्हा सौदे होते. गाड्या वाटेत होत्या, त्या परत पाठवता येणार नव्हत्या. बैठकीच्या खोलीतल्या टेबलावर नेहमीसारखं हिरवं कापड होतं. खिडकीच्या फुटलेल्या काचेचे तुकडे कुणीतरी कोपऱ्यात लोटून ठेवले होते. नलवडे सर आले होते. माझ्या नजरेला त्यांनी नजर दिली नाही. मी नेहमीच्या टोकाच्या खुर्चीवर बसले.

खर्डेकर अण्णांच्या उजव्या हाताला बसला होता.

"मला एवढंच सांगायचं," तो शांतपणे म्हणाला, "की आज जे झालं ते यंत्रामुळे झालं. आपल्या बापजाद्यांच्या पद्धतीत असं कधी झालं होतं? सोमवारपासून रुमाल सुरू करू. सौदेवाला मी देतो. माझा माणूस आहे, विश्वासू."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. सचिव समोरच्या वहीत पाहत राहिले. मी खर्डेकरच्या हाताकडे पाहिलं. हिरव्या कापडावर तो नीट, स्वच्छ ठेवलेला होता. नखांच्या कडांना मात्र तांबूस रेघ होती, साबणाने धुतल्यावर राहते तशी.

"नलवडे," अण्णा म्हणाले, "तुमचं काय म्हणणं?"

"अण्णा, दुर्दैवी प्रकार झाला," सर म्हणाले. "पण मशीनला दोष देऊन चालणार नाही. चाचणीच चालू होती. कोणती सिस्टीम बसवायची याचा निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या बैठकीत आपण सविस्तर..."

"फुडच्या बैठकीत," अण्णांनी चष्मा काढला. त्यांच्याही कपाळावर पट्टी होती. ते एकदम म्हातारे दिसत होते. "मी कवापास्नं एकच इच्यारतोय. हे फुकटचं हाय. ह्याला मालक न्हाई. आज बंद पडलं, आन त्या दत्तोबाचा हात गेला. आता लोक माझ्या दारात बसल्यात. मी त्यांना काय सांगू? धरायचं कुणाला? कुणी तरी एक नाव सांगा, न्हाईतर रुमाल भाईर काढा."

खर्डेकर किंचित हसला. "काढा."

फाडलेल्या ओढणीचा उरलेला तुकडा मी गळ्याभोवती गुंडाळला होता, तो सोडवला. मानेवरचे ठसे एव्हाना निळे पडले असणार, कारण सचिवांनी नजर वळवली. मी उभी राहिले. या खोलीत मी कधी उभी राहिले नव्हते.

"अण्णा, तुमच्या जावक टेबलावरचा जुना कॉम्प्युटर लागेल," मी म्हणाले. आवाज फाटलेला होता, पण सगळे वळून बघत होते. "पडदा नवा आणायला वेळ लागेल. सोमवारी दर फळ्यावर खडूने लिहू. लिहायला दत्तोबांना बसवू, डाव्या हाताने. रुमाल बाहेर काढायचा नाही."

"शैलजा," सर हळूच म्हणाले, "अजून ठरलेलं नाही."

"ठरलंय."

"कोणी ठरवलं?" खर्डेकरने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. सचिवांच्या हातात पेन होतं, त्यांच्याकडे पाहिलं.

"डेबियन बसवायचं," मी म्हणाले. "ठरवणारीचं नाव शैलजा मगदूम. बंद पडलं तर तिला धरायचं. लिहा."